पंचांनी हरकत घेतली

आमच्या दुकानात सगळ्यात हळू आवाजात काय मागितलं जातं, ओळखा बघू! तुमच्या मनात आलं ते नव्हे. ते तर हल्लीची मुलं मोटारसायकल चालू ठेवून, हेल्मेटसुद्धा न काढता खणखणीत आवाजात मागतात. सगळ्यात हळू मागितली जाते ती मनाची, म्हणजे उदासीवरची गोळी. माणूस आधी दोन-चार गिऱ्हाइकं पुढे जाऊ देतो. मग खोकल्याची बाटली मागतो, खोकला नसला तरी घेतो. मग इकडेतिकडे बघून चार घड्या घातलेली चिठ्ठी काउंटरवर सरकवतो आणि म्हणतो, "वहिनी, ही एका मित्राची हाय." महाडच्या बाजारात इतकी वर्षं औषधांचं दुकान चालवलं, पण या मित्राएवढं गिऱ्हाईक दुसरं झालं नाही. फार आजारी असतो बिचारा!

दुकान ह्यांनी काढलं, पण परवाना माझ्या नावावर, कारण फार्मसी शिकलेली मी. ह्यांच्यामुळे अख्ख्या बाजाराची वहिनी झाले. यंदा गल्ला सुनेच्या हाती दिला आणि घरी बसले, तर संपादकांचा निरोप आला की दिवाळी अंकासाठी काहीतरी लिहा. मी म्हटलं, लिहिते, पण दत्ताराम पंचांचं लिहिणार. दुसरं काही सांगायचं तर सावकाश सांगता येईल. हे आठवलं की मला अजून बसवत नाही, उठून उभी राहते आणि हातवारे करायला लागते. आत्ताही उभ्यानेच लिहितेय.

पण आधी त्या गोळीबद्दल थोडं. चिठ्ठीशिवाय ती मी कुणाला दिली नाही, कितीही ओळखी काढल्या तरी. चिठ्ठी आणणाऱ्याला मात्र डॉक्टरांनी सांगितलेलंच परत सांगायचे, कारण डॉक्टरांसमोर घाबरलेल्या माणसाच्या डोक्यात काही शिरत नाही. सुरुवातीला मळमळेल, डोकं दुखेल, तोंड कोरडं पडेल, पोट बिघडेल. कुणाची झोप उडते, कुणाला दिवसाढवळ्या पेंग येते, कुणाला आतून थरथरल्यासारखं होतं. बहुतेकांचं हे आठवडा-दोन आठवड्यांत निवतं. आणि गुण? तो यायला दोन-चार आठवडे तरी जातात, कधी त्याहून जास्त. म्हणजे त्रास आज रोख आणि फायदा पुढच्या महिन्यात! असला माल विकायला कुठल्या दुकानदाराला आवडेल, सांगा. तापाची गोळी कशी, घेतली आणि थोड्या वेळात घाम.

घरच्या माणसाला मी बाजूला घेऊन आणखी एक सांगायचे. हातापायांत जोर आधी येतो, मन मागून सावरतं. म्हणून सुरुवातीला माणसाला एकटं सोडायचं नाही, तरुण पोरं असतील तर डोळ्यांत तेल घालून जपायचं. मरणाची भाषा निघाली किंवा जीव भलताच तगमगायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने एकदम बंद करायची नाही, चक्कर येते, डोक्यात झटके मारल्यासारखं होतं आणि दुखणंही परत येऊ शकतं. सोडायची तेव्हा डॉक्टर हळूहळू कमी करून सोडवतात. नवरा-बायकोच्या बाबतीतही काहींना फरक पडतो. ते लाजेपोटी कुणी बोलत नाही आणि गुपचूप गोळी टाकून देतात. अहो, सांगा की डॉक्टरांना, त्यावरही मार्ग असतो.

हे सगळं ऐकून घेतल्यावर आमच्याकडचा माणूस एकच प्रश्न विचारतो, "पथ्य काय?" पथ्य नसलेल्या औषधावर आमच्या लोकांचा काडीचा विश्वास नाही. मी सांगायचे, दारू बंद. की चेहरे पडायचे. एक पोलादपूरचा गृहस्थ तर माझ्याशी घासाघीस करायला लागला. "वहिनी, वांगं सोडतो. सुकट सोडतो. पाहिजे तर मटण सोडतो. त्यातलं काय भागतं का बघा." मी म्हटलं, भागत नाही. तो बराच वेळ वांग्यावर अडून बसला होता. एका घरात सासू आणि सून एकच पाकीट अर्धं अर्धं वाटून खात होत्या, कारण रडायच्या दोघी आणि डॉक्टरांची फी एकीचीच भरलेली. एक खाला होत्या, मुलगा आखातात, घरात एकट्या. रोज्यात गोळी चुकेल म्हणून त्या दुकानात येऊन रडवेल्या झाल्या. त्यांच्या डॉक्टर मॅडमना फोन लावून दिला, त्यांनी गोळी इफ्तारनंतर घ्या म्हटलं, तर खालांनी ईदला मला एवढा मोठा डबा भरून शीरखुर्मा पाठवला.

पण खरं सांगू का, आमच्या धंद्यात एक मोठं दुःख आहे. आम्हाला निकाल कळत नाही. माणूस चिठ्ठी घेऊन येतो, आपण गोळ्या देतो, आणि मग तो यायचा बंद होतो. बरा झाला? मुंबईला गेला? दुसऱ्या दुकानात जायला लागला? की आणखी काही झालं? चिठ्ठी सरकवणारे कितीतरी हात मला आठवतात आणि त्यांचं पुढे काय झालं ते ठाऊक नाही. सगळ्या कारकिर्दीत निकाल लागताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला तो फक्त एकाचा, दत्ताराम पंचांचा.

दत्ताराम शिवथरच्या खोऱ्यातल्या एका वाडीचे. थोडी भातशेती, थोडं गवंडीकाम. पण ओळख एकच, कबड्डीचे पंच. माझं माहेर पोलादपूरचं, शाळेत असताना डावा कोपरा माझा असायचा, त्यामुळे कबड्डी म्हटली की मी दुकान टाकून पळते. पाचाडच्या बाजूला एका सामन्यात यजमान गावाचा हुकमी चढाईपटू पंचांनी बाद दिला, तर अर्धं गाव मैदानात उतरलं. पंच जागचे हलले नाहीत, उजवा हात वर तो वरच. म्हणाले, "निकाल दिलाय. आता मला मारायचं तर मारा, पन निकाल तोच ऱ्हाईल." कुणाची छाती झाली नाही हात लावायची! मी पुढच्या रांगेत बसून दोन बोटं तोंडात घालून अशी शिट्टी मारली की हे माझ्यापासून उठून लांब जाऊन बसले.

त्याच दत्ताराम पंचांना मी पुढे तुडीलच्या मैदानावरही पाहिलं. चढाई झाली, हात लागला की नाही यावर दोन्ही संघ ओरडत होते. पंचांच्या तोंडात शिट्टी, पण ती वाजेचना. डोळे उघडे, पण कुठे बघतायत कळेना. "पंच, बोला की! पंच!" सगळं मैदान ओरडत होतं. त्यांनी शिट्टी तोंडातून काढली, खाली मान घातली आणि सरळ मैदानाबाहेर चालते झाले. लोक हसले, कुणी म्हणालं प्यायलाय. पंच थेंबाला शिवत नाहीत हे मला माहीत होतं.

पुढे काही महिन्यांनी त्यांची बायको सुनंदा दुकानात आली. "वहिनी, ताकदीचं टॉनिक द्या, भारीतलं."

"कुणाला गो?"

"ह्यांना. जेवत नाय, बोलत नाय, भिंतीकडं तोंड करून पडून असतात. भाजी कुठली करू विचारलं तर ते पन सांगता येत नाय. अंगारा झाला, नारळ झाला, नजर उतरून झाली." मी टॉनिकची बाटली काढायला वळले तर ती मागून म्हणाली, "आनि काल शिट्टी देऊन टाकली हो भावाला. म्हनाले, ठेव तुझ्याकडं, माझं काम संपलं."

बाटली तशीच फळीवर राहिली. माणूस आपल्या जिवाभावाच्या वस्तू वाटायला लागला तर एक दिवससुद्धा थांबायचं नसतं. नशीब बघा, मनाच्या डॉक्टर मॅडम आठवड्यातून एकदा महाडला बसतात, तो दिवस नेमका तोच होता. मी सुनंदाला म्हटलं, टॉनिक नको, पंचांना आण, आजच्या आज. त्यांचा धाकटा भाऊ बाळाराम टेम्पो चालवतो. तो पंचांना जवळजवळ उचलूनच घेऊन आला. मॅडमनी बराच वेळ त्यांच्याशी बोलून गोळी लिहून दिली, दर आठवड्याला भेटायला बोलावलं, आणि फवारणीचं औषध घरातून काढून शेजाऱ्याकडे ठेवायला सांगितलं. जाताना एक गोष्ट त्या सुनंदाला म्हणाल्या, ती मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आले. "बरं वाटायला लागलंय हे त्यांना स्वतःला सगळ्यात शेवटी कळेल. तुम्हाला आधी दिसेल. लक्ष ठेवा."

पहिला आठवडा वाईट गेला. भाताचा घास जाईना, उलट्या, हात थरथरायचे, झोप नाही. सुनंदा रोज फोन करायची. मी आधी विचारायचे, जिवाचं काही बोलतात का? नाही म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडायचा, मग मॅडमना जोडून द्यायचे. मॅडमनी गोळी सकाळी, पोटात काहीतरी गेल्यावर द्यायला सांगितली, तशा उलट्या कमी झाल्या.

बाळारामचं मात्र डोकं फिरलेलं. त्याच्यावर रागावू नका हो, भावावर जीव होता त्याचा. तो म्हणायचा, "आधी दादा नुसता गप होता. ही गोळी चालू झाली आनि उलट्या करायला लागला, निम्मा झाला. हे औषद हाय का इष?" आणि आमच्याकडे असं अडलं की माणूस देवाकडे कौल मागतो. गोळीचा तिसरा आठवडा संपत आला तेव्हा बाळारामने गुरवांना सांगून दिवस ठरवला.

आदल्या दिवशी सुनंदाचा फोन आला. "वहिनी, उद्या कौल हाय. देव नको म्हनाला तर घरात कोन गोळी देऊ देनार नाय. तुमी या ना." मग आवाज बारीक करून म्हणाली, "आनि ह्यांचं काय चांगलं लक्षान दिसत नाय मला. आज माझ्यावर चिडले. म्हनाले, चहात साखर घातलीस काय गो?"

"काय? चहात साखर कमी आहे म्हणाले?"

"हां. कंदी नाय ते आज."

मी दुकानात ओरडलेच! समोर उभं असलेलं गिऱ्हाईक दचकून पायरी उतरलं. अहो, ज्या माणसाने कितीतरी महिने समोर येईल ते पाणी, ते कडू, ते थंड मुकाट्याने पिऊन टाकलं, त्याला आज चहा अगोड लागला! मॅडमनी सांगितलेलं हेच की! मी म्हटलं, "सुनंदे, घाल गो बाई, पाहिजे तेवढी साखर घाल. मी येते उद्या." मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, जा, पण देवाशी भांडू नका. काहीही ठरलं तरी गोळी एकदम तोडू नका म्हणावं, आणि मला फोन लावून द्या.

दुसऱ्या दिवशी दुकानाची फळी ओढली आणि जीप करून वाडी गाठली. देवळात पंधरावीस माणसं जमली होती. पंच मागे खांबाला टेकून बसले होते, दाढी वाढलेली, सदरा अंगावर टांगल्यासारखा. माझ्याकडे बघून ओळखल्यासारखी मान हलवली, बस्स. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, कौल म्हणजे असं. गुरव देवाच्या डाव्या-उजव्या अंगाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि प्रश्न विचारतात. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हसू नका. पाकळी चिकटली की भल्याभल्यांचे घसे कोरडे पडतात.

गुरवकाकांनी पाकळ्या लावल्या. बाळाराम हात जोडून म्हणाला, "देवाला विचारा, माझ्या भावाला ह्या गोळीचा तरास हाय काय?"

पाणी निथळत होतं. आणि टपकन उजवी पाकळी पडली.

"हाय! हाय म्हनतो देव!" एकच गलका झाला. बाळारामच्या डोळ्यांत पाणी आलं. "झालं. आजपासून गोळी बंद." त्याने सुनंदापुढे हात केला. सुनंदाने पाकीट पदराच्या गाठीत बांधलं होतं. ती गाठ सोडायला लागली, पण घट्ट बसली होती, सुटेना. मी पुढे झाले. काय बोलायचं ते घोकून आले होते, पण पहिलं वाक्यच आठवेना. बाजारात बोलण्यात कुणाला हार न जाणारी मी, आणि ऐनवेळी पाठ केलेलं विसरले!

"थांब!"

मागून आवाज आला. बऱ्याच दिवसांत न वापरलेला, खरखरीत. सगळे वळले. दत्ताराम पंच खांबाला धरून उठत होते.

"निकाल बरोबर हाय," ते म्हणाले. "प्रश्न चुकीचा हाय."

पंच पुढे आले, लोकांनी आपोआप वाट दिली. "तू काय विचारलंस, बाळ्या? गोळीचा तरास हाय काय. हाय! ते मला विचारलं असतंस तरी सांगितलं असतं, त्याला देवाला कशाला उठवलास? बंद करू काय, हे विचारलंस? नाय विचारलंस. मग बंद कशी करतोस?"

"अरे, पन दादा..."

"पन बिन काय नाय! चढाई एकाची आनि बाद दुसराच? असं चालत नाय." आणि बोलता बोलता त्यांचा उजवा हात वर गेला, तळवा उघडा, बोटं जुळलेली. तोच हात! पाचाडला अर्धं गाव अंगावर आलं तेव्हा वर होता तोच! भाजी कुठली करू याला ज्याच्याकडे उत्तर नव्हतं, तो माणूस भर देवळात निकाल देत होता हो!

गुरवकाकांनी हनुवटी खाजवली. "पंचांचं बरोबर हाय. परत विचारायला लागंल."

"विचारा. गोळी चालू ठेवू काय, एवढंच विचारा," पंच म्हणाले.

परत पाकळ्या लागल्या. सगळ्यांच्या माना देवाकडे. मला बघवेना म्हणून मी नजर फिरवली, तर सुनंदा देवाकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याच्या हाताकडे बघत होती. तो हात अजून वरच होता. तिचं तोंड उघडं राहिलेलं आणि पदराची गाठ तिने मुठीत घट्ट धरलेली. आम्हा दोघींची नजरानजर झाली. पाकळीचं काय व्हायचं ते होवो, आम्हाला जे बघायचं होतं ते दिसलं होतं.

डावी पडली असती तर? हे मला पुढे पुष्कळांनी विचारलं. मला नाही माहीत. बहुधा मी मॅडमना फोन लावला असता आणि पंचांनी आणखी एक हरकत काढली असती. पण पाकळी सरकली, थांबली, परत सरकली आणि पडली ती उजवीच! काय ओरडली माणसं! आणि मी, सून आलेली बाई, देवळात उभी असताना दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. गुरवकाका दचकून माझ्याकडे बघायला लागले. मी देवाला हात जोडले आणि कान धरले.

नंतर बाहेर पायरीवर चहा आला. मी म्हटलं, "पंच, बरं वाटायला लागलं म्हणायचं!"

पंचांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी जशी काही बेकायदा पकड केली. "कुठं काय, वहिनी? मला कायसुद्धा फरक नाय."

सुनंदाने तोंडात पदराचा बोळा कोंबला. मॅडमचं बोलणं तिलाही आठवलं असणार. आम्ही दोघी हसून हसून वाकलो. पंचांनी आमच्याकडे दुर्लक्ष करून चहाचा घोट घेतला आणि भावाकडे वळले. "आनि माझी शिट्टी कुठाय रे? हरवलीस तर बघ."

बाळारामने शर्टाची वरची गुंडी काढली. शिट्टी त्याच्या गळ्यातच होती, आत बनियनला टेकून. दिली त्या दिवसापासून त्याने ती काढलीच नव्हती. त्याने ती शर्टाच्या टोकाने पुसली आणि दादाच्या हातात ठेवली. पंचांनी ती उलटीसुलटी करून पाहिली आणि गळ्यात अडकवली.

इतका वेळ हसत होती ती सुनंदा तिथेच पायरीवर बसली आणि मोठ्याने रडायला लागली. मी तिच्या शेजारी बसले. त्या दिवशी दुकान परत उघडलंच नाही.